भिंतीतला बैल

अदिस अबाबा, हुदादेच्या उपासाचा सहावा आठवडा

माझी थोरली बहीण, आणि आईच्या मागे माझी आईच, एत्ये अत्सेदे हिला धाकट्या मेंगेशाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? देब्रे बिरहानची थंडी त्या गुडघ्याला मानवत नाही हे मी तुला वीस वर्षं सांगतोय आणि तू त्याला वीस वर्षं तिथेच घेऊन बसली आहेस. सूनबाई, नातवंडं, ती एका डोळ्याची कोंबडी, सगळे खुशाल ना? (कोंबडी निदान उपास सुटून फासिकाचा सण येईपर्यंत खुशाल असेल.) मी देवाच्या कृपेने ठीक आहे. फक्त कंबर धरली आहे, डाव्या हाताची बोटं सुजली आहेत आणि पिवळे कॅन उचलून उचलून खांदा गेला आहे. त्याचं कारण पुढे येईलच. तू म्हणशील, सणासुदीला चार ओळी खरडणारा माणूस पानंच्या पानं लिहितोय, म्हणजे याला काहीतरी हवं आहे. तसं काही नाही. निव्वळ खुशाली कळवतोय.

तर एत्ये, मी बेगेना शिकतोय, आपल्या वडिलांचं, अबायेंचं, ते दहा तारांचं वाद्य. वाचलंस ते बरोबर वाचलंस, चष्मा पुसू नकोस.

आता तू हसायच्या आत सांगतो की मी शिकायला गेलोच नव्हतो. चाळीस वर्षं शिक्षक-विद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर माणसाला आपलं तत्त्वज्ञान लिहून काढावंसं वाटतं, तसं मलाही वाटलं. जाड वही आणली, तिचे चार भाग केले: गूढ, मन, आचरण आणि संगीत. मन आणि आचरण हे भाग आठवड्यात झाले (पाठच होते). गूढावर अडकलो. म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत बेगेनाचा वर्ग भरतो, तिथे निरीक्षण करायला गेलो. शिकवणारी सोस्ना नावाची मुलगी, वय सत्तावीस, माझ्या विद्यार्थिनींच्या मुली असतील तेवढी. शिकणाऱ्यांत दोन नर्स आणि एक बसचालक. मी कोपऱ्यात वही उघडून बसलो, तर सोस्ना आली आणि एक बेगेना माझ्या हातात देऊन म्हणाली, "गाशे, जरा धरा, ठेवायला जागा नाही." मी धरली. वर्ग संपेपर्यंत ती परत घ्यायला आलीच नाही. असा मी विद्यार्थी झालो.

मी तिला माझं तत्त्वज्ञान समजावून पाहिलं. दहा तारा म्हणजे देवाच्या दहा आज्ञा, हे तर कुणीही सांगतो; पण त्यातल्या निम्म्याच छेडायच्या आणि बाकीच्यांवर नुसती बोटं टेकवायची, यात मनाच्या न छेडलेल्या भागाविषयी फार मोठं सूचन आहे, असं मी दीड पान लिहिलं होतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोटांनी बसायचं कुठे, गाशे? म्हणून आहेत त्या. आणि वही खाली ठेवा, मांडी मोकळी पाहिजे." बसचालक तीन आठवड्यांत दोन प्रार्थना म्हणायला लागला. मी अजून तार आणि घोडीच्या मधले चामड्याचे तुकडे सरकवतोय. ते केसभर इकडचे तिकडे झाले की तो घुमणारा आवाज जातो आणि नुसती टणटण राहते. अबाये ते न बघता सरकवायचे, बोलता बोलता, तुला आठवत असेल.

त्या दिवसाचं मात्र मी विचारत नाही. तो तुला आठवतोच. तू कोपऱ्यात कॉफी भाजत होतीस, उपासाचा तिसरा प्रहर होता, शेजारपाजारचे चार लोक बसले होते आणि अबाये वाजवत होते. दरवर्षीसारखं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दरवर्षीसारखं ते पुसत नव्हते. मी एकवीस वर्षांचा, मानसशास्त्राचं पहिलं वर्ष संपवून आलेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "अबाये, ही भक्ती नाही. आई गेली तेव्हा तुम्ही रडला नाहीत, ते रडणं आता तारेतून निघतंय. याला आजार म्हणतात. यावर उपचार असतो." अबाये बेगेनाकडे बघून म्हणाले, "असेल बाळा. तू शिकलास, तुला कळत असेल." उठले, बेगेना खुंटीला टांगली. त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि मी दर सुट्टीला येत होतो. ती खुंटीवरून खाली आलेली मी कधी पाहिली नाही. ते उदाहरण मी नाव न घेता चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो, आणि वर्ग माना डोलवत आला.

हे सगळं पाठीशी असताना शेजाऱ्यांना कसं सांगणार, की मी बेगेना शिकतोय? इमारतीतल्या निम्म्या लोकांनी माझी व्याख्यानं ऐकली आहेत. शाळांसाठी मी लिहिलेली सदाचाराची पुस्तिका त्यांच्या मुलांनी पाठ केली आहे. म्हणून सोस्नाने सरावाला दिलेली बेगेना मी पांढऱ्या चादरीत गुंडाळून आणली (समोरच्यांनी विचारलं तेव्हा इस्त्रीचा पाट म्हणालो) आणि रोज तिसऱ्या प्रहरी, दारं खिडक्या लावून, पाण्याच्या नळाला टेकून बसायला लागलो. नळाला का, तर कंबरेला टेकू म्हणून. पण त्या नळातून आवाज थेट खाली जातो हे माझ्या तत्त्वज्ञानात कुठेच नव्हतं.

खालच्या मजल्यावर वैझेरो देस्ताये राहतात. त्या आठवड्याभरात इमारतीच्या समितीपुढे आल्या. "भिंतीत बैल घोरतोय," म्हणाल्या. "रोज तिसऱ्या प्रहरी. उपासाच्या दिवसांत माणसानं देवाचं नाव घ्यावं का बैलाचं घोरणं ऐकावं?" समितीचा अध्यक्ष मी. मी गंभीर चेहऱ्याने नोंद घेतली. सगळ्यांचं एकमत झालं की पाण्याचा पंप बिघडला आणि पंप सांभाळणारा ताम्रात त्याला तेल देत नाही. ताम्रात बिचारा शपथा घेत होता. "गाशे, माझ्या मुलीसारखा जपतो हो मी त्याला!" त्याला लेखी समज द्यायचं ठरलं. एत्ये, त्या कागदावर सही माझी आहे. सुरेख सही आहे, तू नेहमी कौतुक करायचीस.

ताम्रातने पंप खोलला. खोललेला पंप पुन्हा जुळायला नऊ दिवस लागले, कारण एक वायसर कुणाकडेच मिळेना. नऊ दिवस सगळी इमारत रस्त्यावरून पिवळ्या कॅनमध्ये पाणी भरून जिना चढत होती, आणि तिसऱ्या मजल्यावर मीही चढत होतो. (आता खांद्याचं कारण कळलं असेल.) तू म्हणशील, निदान तेवढे दिवस तरी सराव बंद ठेवायचास. ठेवणार होतो. पण चौथ्या दिवशी चामडं पहिल्यांदा नीट बसलं आणि तो आवाज आला, अगदी तो, अबाये ओट्यावर वाजवायचे तसा. मी हात काढूच शकलो नाही.

पंप अंगणात तुकडे होऊन पडलेला आणि बैल तर घोरतोच आहे, हे पाहिल्यावर यंत्रावरून लोकांचा विश्वास उडाला आणि ते गूढाकडे वळले. (वहीत लिहिण्याजोगं होतं, पण हात धजला नाही.) देस्ताये बाईंनी धर्मगुरूंना बोलावलं. पवित्र जलाची बादली घेऊन त्यांच्यामागे घरोघर फिरायचा मान कुणाला, तर अध्यक्षाला. दोन मजले शिंपून झाले आणि आम्ही माझ्या घरात शिरलो. धर्मगुरूंनी उंबरा शिंपला, नळ शिंपला, मग पलंगापाशी येऊन थांबले. चादरीतून बेगेनाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बादलीकडे पाहिलं. ते वाकले, चादर नीट झाकली आणि हळूच म्हणाले, "हिला ओल लागू देऊ नका, गाशे. चामडं खराब होतं." मग पलंग सोडून बाकी खोली शिंपली आणि बाहेर जाऊन काहीसुद्धा बोलले नाहीत. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी वर्गात सोस्नाने माझं ऐकलं आणि मला मध्येच थांबवलं. "स्वर बरोबर आहेत. पण चोरून आणल्यासारखे का वाजवताय?" मी सांगितलं, की ही एक मानसिक अवस्था असून तिला असं असं म्हणतात. ती म्हणाली, "बरं. मग ती अवस्था जाऊन मिटवून या, आणि मग या."

मी रविवारी देस्ताये बाईंकडे कॉफीला सगळे जमले असताना उठून सांगितलं. उभं राहून, जसं वर्गात बोलायचो तसं. मला वाटलं होतं हाकलून देतील. देस्ताये बाईंनी कॉफी ओतता ओतता म्हटलं, "बेगेना? मग सांगायचं नाही का! मी इतके दिवस बैल समजून शिव्या दिल्या, भर उपासात पाप लागलं ना मला!" समोरचे म्हणाले, "म्हणजे तो इस्त्रीचा पाट नव्हता?" आणि सगळे इतके हसले की मला माझी माफी दोनदा मागावी लागली, पहिली कुणी ऐकलीच नाही. ताम्रात हसला नाही. मी समजेचा कागद सगळ्यांसमोर फाडला तेव्हाही नाही. म्हणाला, "ज्यासाठी मी नऊ दिवस शिव्या खाल्ल्या ते ऐकवा तरी एकदा."

मी बेगेना आणली. ताम्रात पाण्याच्या रिकाम्या कॅनवर बसला. मला एकच प्रार्थना येते, तीही अर्धी. वाजवत असताना पाहिलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. एत्ये, खोटं सांगत नाही, चाळीस वर्षांची सवय, माझं तोंड उघडलं. त्याच्या रडण्याचं कारण माझ्या जिभेवर तयार होतं, नावासकट. मी तोंड मिटलं. एवढंच करायचं होतं, फक्त तोंड मिटायचं होतं, आणि ते मला एकविसाव्या वर्षी जमलं नाही.

वाजवून झाल्यावर ताम्रात नाक शिंकरून म्हणाला, "गाशे, पंप जर असा वाजला असता तर मी उघडलाच नसता." आता तो रोज तिसऱ्या प्रहरी येऊन बसतो. पाणी चालू आहे.

सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा, गुडघ्याला ऊब दे. फासिकाला भेटू असं दरवर्षी लिहितो, तसं याही वर्षी लिहितो, फक्त या वेळी खरंच येईन.

तुझा धाकटा,
मेंगेशा

ता. क. वर लिहिलं की काही हवं नाही. एक हवं आहे. अबायेंची बेगेना अजून तुझ्या भिंतीवर आहे ना? कुणी येणारं असेल तर पाठवून दे. सोस्नाने दिलेली फासिकानंतर परत करायची आहे.

ता. क. २. आणि एक विचारायचं होतं, ते चाळीस वर्षं राहिलं. मी सुट्टीला घरी नसायचो तेव्हा ते कधी ती खाली काढून वाजवायचे का? तू अकराही वर्षं त्यांच्याबरोबर होतीस, तुलाच माहीत.

ता. क. ३. बेगेना पाठवू नकोस. सोस्नाला सहज विचारलं, तर ती म्हणाली की चामड्याचे तुकडे पाहिले की कळतं, वाद्य टांगून ठेवलेलं होतं की कुणी वाजवत होतं. मला ते पाहायचं नाही. तू फक्त पत्रात "हो" लिही. तसं नसलं तरी "हो"च लिही. सदाचाराच्या पुस्तिकेत मी खोट्यावर एक अख्खा धडा लिहिला आहे, पण तू ती कुठे वाचली आहेस.