प्रकृतीच्या कारणास्तव

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

राजीनामा देऊन तू वरच्या साहेबांना भेटायला गेलास, आणि इथे पेपरात आलं की पाणीपुरवठ्याच्या प्रमुखांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडलं. सकाळपासून दाराची कडी वाजतेय. शेजारच्या वहिनी मोसंबी घेऊन आल्या. मी म्हटलं, तो धडधाकट आहे. जुन्या नळांत गटाराचं पाणी शिरतंय, आणि पाणी शुद्ध असल्याचं लिहून द्यायला तो तयार नव्हता. त्यांनी नुसता माझा हात थोपटला. हे अंथरुणाला खिळले होते तेव्हाही लोक असाच थोपटायचे. मी वाचायला शिकले तीच यांच्या औषधांच्या बाटल्यांवरून. आजारी माणूस कसा असतो हे मला कुणी सांगायला नको.

मोसंबी गोड होती. तुझ्या वाटणीची मीच खाल्ली.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांनी नळांचं काही विचारलं नाही. झोप लागते का, ते विचारलं. आजारपणाचं लिहून दिलं तर पेन्शन लगेच, नाहीतर चौकशी. मी नाही म्हणून उठलो. पेपरवाल्यांकडे गेलो, तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय हे त्यांच्याकडे आधीच पोचलेलं. तू पाणी उकळूनच पी. गल्लीतही सांग, तुझं ऐकतील. शनिवारी येतो.

मोसंबीचा हिशेब आल्यावर. माया आहे तशीच राहू दे.

धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घरोघर जाऊन सांगितलं. सगळे हो म्हणाले, मग हळूच तुझी तब्येत विचारली. पाणी कुणी उकळलं नाही. काल वहिनींच्या नातीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आज समोरच्या दोघांना. वहिनी आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या भावाचा आजार तुम्ही दारोदार वाटलात.

दुपारी पालिकेची माणसं माझ्या दाराला पिवळी पट्टी बांधून गेली. इकडे कुणी फिरकू नका, आणि नळाचं पाणी भरपूर प्या, असं गल्लीला सांगून गेली.

येऊ नकोस असं लिहायला बसले होते. पण ये. दिवसाढवळ्या, गल्लीच्या मधून चालत ये. लोक दारं लावून घेतील. तू मोठ्याने सांगत ये.

पट्टीच्या आत उभी असलेली,
तुझी ताई