रिकाम्या मिक्सरचा आवाज

द्वारका चौक, गुरुवार, संध्याकाळ

सकाळपासून लिहायचं टाळतेय. आधी चहा केला, मग गॅलरीतून ट्रॅफिक बघत बसले. एका टेम्पोत नुसता फ्लॉवर, वरती एक माणूस आडवा होऊन झोपलेला. कसा झोपतो कोण जाणे. असो.

झालं असं, की खाली घरमालकीण काकूंनी मिक्सरचं भांडं धुतलं आणि पाणी उडून जावं म्हणून रिकामंच फिरवलं. मी जिन्यातच कान झाकून खाली बसले.

काकू हसल्या. "अगं, मिक्सर आहे, बॉम्ब नाही!"

मीपण हसले. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. चटणी वाटताना मिक्सर घरघरतो, रिकामा असला की किंचाळतो.

इगतपुरीला पप्पा मला मारायला लागले की मम्मी मिक्सर लावायची. मला वाटायचं, तिचं वाटण चाललंय, तिला ऐकू येत नसणार. म्हणून मी आणखी जोरात ओरडायचे. आज कळलं, भांडं रिकामं असायचं.

मग लावायची कशाला? शेजाऱ्यांना कळू नये म्हणून? की तिलाच ऐकवत नव्हतं? राग येतोय, पण त्याहून जास्त तिला विचारावंसं वाटतंय. फोनवर कसं विचारू? घर सोडल्यापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का", बस.

थांब, काकू हाका मारतायत.

"अगं, खाली ये लवकर! तुझी मम्मी आलीये. एकटीच आहे, पिशवी घेऊन."