कळांच्या वेळी सोडलेली वेणी

बोतोशानी, मंगळवार

प्रिय आई,

मी बरी आहे. तू दिलेला मुरंबा अजून पुरतोय. बाबांचा खोकला थांबला का?

काल सुईणीचं काम शिकणारी माझी विद्यार्थिनी इलिंका कळा देणाऱ्या बाईची वेणी सोडत बसली. मी चिडले, "अगं, केसांच्या गाठी सोडल्यानं बाई लवकर सुटते होय? हे कॉलेजात शिकलीस की आजीकडे?"

"आजीकडेच, मॅडम. पण बघा ना, ओरडायची थांबलीय."

खरंच, इलिंकाच्या हातावर डोकं टेकून बाई संथ श्वास घेत होती. इथं दवाखान्यात नवऱ्याला आत सोडत नाहीत. तिला कुणीतरी जवळ हवं होतं. हेच मी रोज फळ्यावर लिहिते, आणि समोर घडताना ओळखलं नाही. दुपारी मुलगी झाली. मी इलिंकाची माफी मागितली.

खोलीवर आले, तर हे सांगायला कुणी नव्हतं.

मी जन्मले तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं, आई? मी कधी विचारलंच नाही.

तुझीच,
साफ्ता