बी टीमचे आप्पा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आज लिहूनच टाकतो.

शाळेत तुम्ही पी.टी.चे सर. फुटबॉलची ए टीम दुसऱ्या सरांकडे होती आणि बी टीम तुम्ही स्वतःहून मागून घेतलेली. पायात चेंडू आला की ज्यांची भंबेरी उडते, ती सगळी पोरं तुमची. मी ए टीमचा फॉरवर्ड. मॅच दोन्ही टीमच्या एकाच सकाळी. आमची स्टेडियमवर, त्यांची कळंब्याकडच्या माळावर. आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजते आहे, तुम्ही बत्त्यानं गूळ फोडताय आणि पुड्या बांधायला मला बसवलंय. त्यातली एकही पुडी माझ्यासाठी नसायची.

फायनलच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आप्पा, उद्या एक दिवस तरी माझ्याकडं या की." तुमचा बत्ता थांबला नाही. "तुला बघाय सगळं कोल्हापूर येतंय. त्या पोरांस्नी माझ्याबिगर कोण हाय?" आई म्हणाली, "अवो, ह्योबी पोरगंच हाय की." त्यावर तुम्ही गुळाचा पुढचा खडा बत्त्याखाली ओढला.

फायनलला गोल मीच मारला. लोकांनी खांद्यावर उचलून घेतलं आणि तिथूनही मी गेटकडेच बघत होतो. घरी आलो तेव्हा तुम्ही मोरीत पाय धूत होता. "जिंकला व्हय? झ्याक," एवढं म्हणून तुमचं सुरू झालं. पाच गोल खाल्ले, पण गोलकीपर आज पहिल्यांदा डोळं न मिटता हुबा ऱ्हायला! तुमचा चेहरा नुसता फुलला होता. माझ्यासाठी तो तसा फुललेला मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका दुकानात नळाचा वॉशर घ्यायला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, केस पिकलेले. निरखून बघत म्हणाला, "तुमी सरांचं पोरगं न्हवं? मी बी टीमात हुतो की! खेळाय काय येत न्हवतं, पर सर लाईनीवरनं असं वरडायचं, पाय आपसूक पळायचं." आणि तोंडाशी हात धरून तो ओरडला, "पळ रं, पळ! मी हाय हितं!"

गिऱ्हाइकं दचकून बघायला लागली. मी तुमच्या घरात वाढलो, आप्पा, आणि तुमची ही हाक मला माहीतच नव्हती. काउंटर धरून उभा राहिलो, डोळे आवरेनात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकतो. नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला. तरी मी पुन्हा पुन्हा वॉशर आणायला जातो. इकडचं तिकडचं बोलत विषय काढतो आणि तो ओरडायला लागला की रस्त्याकडे तोंड करून, त्याला पाठमोरा उभा राहतो. तेवढंच वाटतं, तुम्ही माझ्या मॅचला आलाय.