बरणी कोणी फोडली

प्रिय गृहस्वामिनीस,

दूरदेशस्थ पतीचे साष्टांग लोटांगण. प्रकृती उत्तम आहे. डाव्या अंगठ्यावरील पट्टी केवळ शोभेची, तिची चिंता नसावी. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमच्या काचकारखान्यात नुकसानीची वही असते. तीत इंग्रजीतून "काच फोडली गेली" एवढेच लिहिण्याची पूर्वापार परंपरा आहे. कर्मणी प्रयोगाची थोरवी अशी, की कर्ता निर्विघ्नपणे अंतर्धान पावतो. परंतु संध्याकाळच्या इंग्रजी वर्गातल्या बाईंनी आमच्याकडून महिनाभर कर्तरी प्रयोग घोटून घेतला होता. मंगळवारी माझ्या हातून भलामोठा आरसा निसटला आणि मी सवयीने इंग्रजीत लिहून गेलो, "मी आरसा फोडला."

साहेबांनी बोलावले. आता चंबूगबाळे आवरावे लागणार, असे धरूनच मी आत गेलो. ते म्हणाले, "अकरा वर्षांत या वहीत पहिल्यांदाच माणूस सापडला. जा, आधी हाताला पट्टी बांध."

नोकरी शाबूत आहे. पण तेव्हापासून एक जुने वाक्य जिवाला लागले आहे. तुझ्या आईची चिनीमातीची बरणी "फुटली" असे मी सांगितले, आपल्या धाकट्या लेकीने तुझा धपाटा खाल्ला, आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो.

बरणी मी फोडली.

हे धाकटीला मोठ्याने वाचून दाखव. ती हसली तर सवडीने कळव. रडली तर तातडीने.

तुम्हा दोघींचा अपराधी,
बरणीफोड्या