टाचणीचा निबंध

९ जानेवारी, सोमवार
एकवीस निबंध आले! गेल्या वर्षी अकरा होते. विषय ‘माझ्या मनातला जपान’. एकवीसपैकी सोळा जणांच्या मनात एकच जपान आहे — वेळेवर येणाऱ्या गाड्या, लखलखीत रस्ते, गुलाबी फुलं. दोघांच्या मनात तर फुलं एकाच ओळीत, एकाच चुकीसकट उमललीत. उद्या दोघांचे कान उपटायचे आहेत.

निबंध जपानीत, हाताने, चौकटीच्या कागदावर. एका चौकटीत एक अक्षर, पूर्णविरामालाही स्वतःची चौकट. मुलं वैतागतात. मला मात्र हा प्रकार फार आवडतो. पूर्णविरामाला इतका मान कुठे मिळतो?

त्यातले चार निवडून वीस तारखेच्या आत परीक्षकांकडे पाठवायचे. पहिला आला त्याला दोन आठवडे जपान. खर्च एका कंपनीचा. हे म्हणाले, तूही लिही टोपणनावाने, तेवढीच मला दोन आठवडे शांतता.

१२ जानेवारी, गुरुवार
टाचणीने निबंध आज दिला, सगळ्यांत शेवटी. वर्गाने तिला हे नाव ठेवलंय — अंगाने तशी, आणि आठवड्यातून एकदा बोलली तरी टोचतं म्हणून. तीन वर्षं माझ्या जपानीच्या तासाला येते, एकही तास बुडवलेला नाही. मला वाटायचं, माझ्या शिकवण्याची गोडी!

निबंधाचं पहिलंच वाक्य — ‘मला जपान आवडत नाही.’

पुढे वाचलं. तिची आई नऊ वर्षं तिथे आहे, एका वृद्धाश्रमात कामाला. तिसऱ्या वर्षी एकदा येऊन गेली, तेवढीच. टाचणी मावशीकडे वाढतेय. हे मला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं. ‘आई फोनवर सांगते की इकडे सगळं वेळेवर येतं. मग आई का येत नाही?’ आणखी एक — ‘आई तिथल्या आजींचे केस विंचरते. माझे मावशी विंचरते.’ पान पालथं घालून ठेवलं.

तास संपल्यावर थांबवून घेतलं. म्हटलं, तुला आवडत नाही तर शिकतेस कशाला?

“आईला सुट्टी मिळत नाही. मला मिळते. म्हणून मीच जाणार आहे.”

१५ जानेवारी, रविवार
चार निबंध निवडले आणि दिवसभर बसून चारींवर हात फिरवला. दरवर्षीच फिरवते. मुलांचं व्याकरण लंगडं असतं, त्याला काठी द्यायला नको?

टाचणीच्या निबंधाला जास्त वेळ लागला. शाळेच्या जपान मंडळाकडून, जपानी परीक्षकाला, ‘मला जपान आवडत नाही’ — असं कसं पाठवायचं? पोरीचं जाणंच राहायचं. मी लिहिलं, ‘जपान माझ्यापासून दूर आहे, तरी मनाच्या जवळ आहे.’ केस विंचरण्याचं काढून टाकलं, रडगाणं वाटतं. आई ठेवली, पण फुलांच्या बहराखाली उभी केली. वाचून पाहिलं. झकास जमलंय!

१७ जानेवारी, मंगळवार
चौघांनी माझ्या खर्ड्यांवरून स्वच्छ उतरवून काढलं. टाचणीने आधी दोनदा वाचलं. “सुंदर आहे, बाई,” म्हणाली आणि लिहायला बसली. एकही चौकट चुकली नाही. लगेच टपालात टाकले.

२१ जानेवारी, शनिवार
मंडळाची जपान संध्या पार पडली. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. कागदाच्या घड्यांच्या टेबलावर पालकांचीच झुंबड. एका वडिलांनी पक्षी करता करता बेडूक केला आणि तो अभिमानाने घरी नेला. चहाचा विधी मात्र लांबला. कपभर चहाला पाऊण तास म्हटल्यावर मागच्या रांगा चुळबुळायला लागल्या.

गाण्यात गंमत झाली. जपानी गाणं अगदी साधं, सरळ चालीचं. गायनमास्तरांना साधं काही बघवत नाही. मला न सांगता प्रत्येक ओळीच्या शेवटी मुलांकडून एकेक हरकत बसवून घेतली होती! आमचे परीक्षक पाहुणे म्हणून आले होते — सत्तरीचे, जपानी, इथे इतकी वर्षं राहिलेत की आपल्या भाषेत भांडूही शकतात. ते डोळे मिटून ऐकत होते. नंतर म्हणाले, हे गाणं मी लहानपणापासून ऐकतोय, पण ते असं दागिने घालून आलेलं आज प्रथमच पाहिलं. मास्तरांना ती स्तुती वाटली.

टाचणी दारात चपला लावत होती. दोनशे जोड, जपानी रीतीप्रमाणे सगळ्यांचे चवडे दाराकडे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
परीक्षकांचं पत्र आलं. तीनच ओळी.

‘चारही निबंध निर्दोष आहेत. चारही एकाच व्यक्तीने लिहिलेले आहेत. ती व्यक्ती साधारण पंचावन्न वर्षांची असावी आणि तिला फुलं फार आवडत असावीत.’

मला गेल्या महिन्यातच पंचावन्न पूर्ण झाली.

४ फेब्रुवारी, शनिवार
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं, आता टर उडवणार. नाही उडवली. म्हणाले, तू लिहिलंस हे तूच लिहून कळव.

६ फेब्रुवारी, सोमवार
मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. त्यांचं म्हणणं, यंदा गुपचूप नावं मागे घेऊ, कबुलीजबाब कशाला? मंडळाची अब्रू जाईल, पुढच्या वर्षी निबंधच मागवणार नाहीत. त्यांचं चूक नाही. पण नावं मागे घेतली की टाचणीचं जाणं संपलं. पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल.

दुपारी चौघांना बोलावून खरं काय ते सांगितलं. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. टाचणी म्हणाली, “मला वाटलं, जायचं असेल तर असंच लिहायला लागत असेल.”

थोबाडीत बसल्यासारखं झालं. फार लाज वाटली. लिहिताना आत्तासुद्धा वाटतेय.

७ फेब्रुवारी, मंगळवार
चौघांना कोरे कागद दिले. आपापलं, पहिल्यापासून. मी खिडकीशी खुर्ची घेऊन बसले, बाहेर बघत. तरी एकदा नजर गेलीच. टाचणीच्या तिसऱ्या ओळीत प्रत्यय चुकला होता. हाताला नुसती खाज! दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मी एवढी गप्प कधी बसलेच नव्हते, असं मुलं म्हणाली.

निबंधांबरोबर माझं पत्र जोडलं. आधीचे चारही मी लिहिले, मुलांचा दोष नाही, मी मंडळाच्या चिटणीसपदावरून दूर होते. मोठ्या बाईंना दाखवूनच पाठवलं. त्यांनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार
उत्तर नाही. टाचणी रोज फलक बघून जाते. मला विचारत नाही.

३ मार्च, शुक्रवार
टाचणी पहिली!!

शिपाई कागद घेऊन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. तिचा निबंध वाचताना दोनदा थांबावं लागलं, असं परीक्षकांनी लिहिलंय. माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. तेच बरं. मंडळ आता गायनमास्तरांकडे जाणार, म्हणजे पुढच्या वर्षी हरकतींचा पूर येणार! येऊ दे. जीव भांड्यात पडला.

टाचणी हसली. तिचा समोरचा एक दात जरा तिरका आहे, हे मला तीन वर्षांनी कळलं.

५ मार्च, रविवार
टाचणीची मावशी घरी येऊन गेली. टाचणीने आईला फोनवर बातमी सांगितली. तर आई म्हणाली, मला त्या दिवसांत सुट्टी मिळणार नाही, तू माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. मावशीला राग आलाय. सख्खी बहीण असून मला ती आता कळेनाशी झालीय, म्हणाली.

टाचणीने काय उत्तर दिलं, विचारलं.

“स्टेशनवर तासभर आलीस तरी चालेल, म्हणाली.”

११ एप्रिल, मंगळवार
टाचणी आज गेली. विमानतळावर मी आणि मावशी. मी सूचनांची यादी वाचायला लागले — सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं, नावाचं कार्ड दोन हातांनी कसं द्यायचं. तिने यादी हळूच माझ्या हातातून घेतली आणि खिशात ठेवली. मावशीने तिथेच, रांगेत, तिची वेणी सोडून पुन्हा घातली. काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होते.

येताना मावशी गाडीत रडली. मीही रडले.

१४ एप्रिल, शुक्रवार
सकाळी फोन आला. टाचणीचा आवाज शांत होता. आई स्टेशनवर आली होती. तिच्याबरोबर चार वर्षांची एक मुलगी होती, आईचं बोट धरून. आईचीच. तिला आपली भाषा येत नाही, बाई, म्हणाली. एकच शब्द येतो. मला बघितल्याबरोबर म्हणाली — ताई.