एक डबा आला तरी दळून दे

सूनबाई,

तुझा श्रीकांत जन्मला आणि नागपूर मुंबई राज्यात जाऊन आपल्या मध्यप्रदेशापासून तुटलं, त्याच साली विजेचे दर वाढले. नगरपालिकेनं जाम नदीच्या घाटावरचा दिवा बंद केला. माझ्या मोरेश्वरनंही ठरवलं, दिवसभराचे डबे जमवून चक्की एकदाच, दिवेलागणीला चालवायची. पलीकडच्या सावरगावची देवकाबाई त्याला हसली, "भैय्याजी, तुमची मोटर आता मुहूर्त पाहून चालते का?" तरी ती थांबायची आणि अंधारात पीठ घेऊन नदी ओलांडायची.

आजपासून एक डबा आला तरी दुपारीच दळून दे. मोरेश्वर ओरडला तर बुढ्यानं सांगितलं म्हण. मी कंदील घेऊन घाटावर चाललो. नगरपालिका दिवा पुन्हा सुरू करेपर्यंत रोज संध्याकाळी तिथंच बसणार. जेवायला थांबू नका.

घाटाच्या पायऱ्यांवरून पडलेली देवकाबाई मंगळवारी पहाटे वारली.